चार दिवस पाण्यात

मुरमाविषयी दिवाळी अंकात कुणी लिहावे, आणि फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या मंडळींनी ते वाचावे, ही कल्पनाच मुळी चमत्कारिक आहे. फुलांवर लिहावे, पावसावर लिहावे, फार तर अडगळीतल्या जुन्या छत्रीवर लिहावे; त्याला आपल्याकडे परंपरा आहे. पण मुरूम? बायका तो अंगणात पसरतात, पोरे तो एकमेकांच्या डोक्यात घालतात, आणि यापलीकडे त्याची कुणी दखल घेत नाही. माझे सारे आयुष्य मात्र मुरूम, खडी आणि माती यांच्या संगतीत गेले. रस्त्याच्या कामावर येणारा माल तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिच्यात मी नोकरीला होतो. "तुमचे हे काय करतात?" असे कुणी विचारले, की आमच्या सौभाग्यवती गंभीरपणे सांगत, "माती चाळतात." त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

पुण्याहून नाशकाकडे निघालात, की राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशी गावे मागे पडत जातात. प्रवासी बाहेर पाहतो तो उसाकडे, द्राक्षांच्या मांडवांकडे, फार तर दूर दिसणाऱ्या शिवनेरीकडे. रस्त्याकडे पाहतोच कोण? पाहिले तरी दिसते ते वरचे काळे डांबर. ते तर नुसते उपरणे. अंगावरचा खरा कपडा खाली असतो: डांबराखाली खडीचे थर, त्यांच्याखाली मुरमाचा किंवा मुरूम-खडीच्या मिश्रणाचा थर, आणि सर्वांच्या तळाशी ती जमीन, जिला हे सारे ओझे अखेर सोसायचे असते. चाकाचा भार वरून खाली जाता जाता पसरत जावा आणि जमिनीपर्यंत पोचेतो सौम्य व्हावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. शिवाय आत शिरलेले पाणी अडू न देता बाजूला काढून देणे, हेही त्या खालच्या थराचेच काम. डांबर फाटले की लोक डांबराला शिव्या देतात. दहांतल्या सात वेळा तरी डांबर बिचारे निरपराध असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुन्नरच्या मुलखात पायाच नको असलेला एक रस्ता आहे. तो नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटाने वर जुन्नरास येई. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, त्यातले अंक पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. आणि बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. मला मात्र तिथे गेल्यावर आधी पायांखालचा दगड दिसतो. दोन हजार वर्षे बैलांच्या, माणसांच्या आणि आता सहलीला येणाऱ्या पोरांच्या पायांखाली तो आहे आणि अजून आहे. कारण सोपे आहे. खाली सह्याद्रीच आहे. तिथे कुणी नमुना गोणीत भरून तपासायला पाठवायची गरज नव्हती. ही चैन घाटमाथ्यावर परवडते. खाली कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी काळी माती लागली, की सारे बदलते. ती माती उन्हाळ्यात हातभर भेगा दाखवते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. पिकाला ती लक्ष्मी, रस्त्याला अवदसा.

दगड मात्र दोन्ही तालुक्यांना देवाने भरपूर दिला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांचाच हा काळा पाषाण. पण 'काळा पाषाण' हे नाव जरा फसवे आहे. एका थरात दगड घट्ट, हातोडीखाली खणखणणारा. दुसऱ्यात तो सच्छिद्र, आणि त्या छिद्रांत पांढरी स्फटिके भरलेली. हा ठिपक्यांचा दगड दिसायला गोजिरा, पण पाणी पितो आणि लवकर कुजतो. मधूनच गेरूसारखा तांबडा, मऊ थर लागतो. आणि हाच दगड हवापाण्याने झिजता झिजता, पुरती माती होण्याआधी ज्या अवस्थेत असतो, तिला आपण मुरूम म्हणतो. म्हणजे मुरूम हा एक पदार्थ नव्हेच. ती दगड आणि माती यांच्यामधली वाट आहे, आणि तपासणाऱ्याने एवढेच शोधायचे असते, की हा मुरूम त्या वाटेवर कुठवर आला आहे. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी कोरणाऱ्या कारागिरांनी दगड कसा निवडला असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती. पण एका वडार कारागिराने पहार आपटून नुसत्या आवाजावरून "ह्यो बद बोलतो, सोडा" असे म्हणताना मी ऐकले आहे, आणि त्याच दगडाचा आमच्या यंत्रातला निकालही पाहिला आहे. दोघांचे एकमत होते.

खडीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. खडीच्या रस्त्याची पद्धत ज्याच्या नावाने ओळखतात, तो मॅकॅडम हा स्कॉटलंडचा गृहस्थ. दगड केवढा फोडावा, याविषयी तो फार काटेकोर होता. मजुराच्या तोंडात मावेल तो खडा योग्य, अशी त्याची कसोटी होती म्हणून दंतकथा सांगतात. दात नसलेल्या मजुरामुळे एका ठिकाणची खडी मोठी निघाली, असाही त्या कथेला एक शेपटा आहे! आपल्याकडे ही खडी तोंडाने मोजायची पाळी आली नाही, पण हातांनी फोडायची आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. रस्त्याकडेला बायका रांगेने बसलेल्या, डोक्यावर पदर, पुढ्यात दगड, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि जेवणाच्या वेळी सुकडी. ढीग ब्रासावर मोजला जाई. त्या खडीचे पुष्कळसे रस्ते आजही वरून नवे होत होत चालू आहेत. त्या खडीचा तुकडा एकदा खोदकामात हाती आला होता, तो मी बराच वेळ टाकू शकलो नाही. यंत्राच्या खडीला जी एकसारखी धार असते ती त्याला नव्हती. प्रत्येक बाजू निराळ्या घावाची.

आमच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला पाहण्यासारखे फारसे काही नसे. पण एखादी गृहिणी तिथे आली असती, तर तिला परके वाटले नसते. आधी ढीग चांगला कालवून, त्याचा शंकू करून, चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा कालवायचे. याला आम्ही चौथाई म्हणत असू. शिवनेरीच्या पायथ्याशी बसून चौथाई वसूल करायची, ही थट्टा आमच्याकडे दर नव्या माणसाला ऐकावी लागे. मग चाळण्या. मोठी खडी अडवणारीपासून ते पिठाच्या चाळणीलाही लाजवील इतक्या बारीक जाळीपर्यंत एकावर एक उतरंड. प्रत्येकीवर किती राहिले ते तोलायचे. चिवड्याच्या डब्याची गोष्ट आहे ही: नुसते शेंगदाणे भरले तर मध्ये पोकळी राहते, तिच्यात डाळ्या बसतात, डाळ्यांच्या फटीत पोहे, आणि उरल्यासुरल्या जागेत मीठसाखरेची भुकटी. डबा हलवलात तरी आत खुळखुळत नाही. थरात नेमके हेच हवे असते. पण भुकटी जास्त झाली, की शेंगदाणे एकमेकांना टेकतच नाहीत, भुकटीत तरंगतात. मग भार घ्यायचा कुणी?

सगळ्यांत खालच्या चाळणीतून पडणाऱ्या त्या भुकटीतच सारी मेख असते. ती नुसती दगडाची भुकटी आहे की चिकण माती? स्वीडनमध्ये काल्मर गावी बियाणी आणि रसायने तपासण्याच्या केंद्रात अ‍ॅटरबर्ग नावाचा एक रसायनज्ञ होता. मातीचा स्वभाव पाण्यावरून ओळखायची रीत त्याने १९११ साली घालून दिली. माती थोड्या पाण्यात मळायची आणि काचेवर तळहाताने तिची वळी करायची. तीन मिलिमीटर जाडीची वळी झाली आणि नेमकी तिथेच तुटायला लागली, की त्या वेळी तिच्यात असलेले पाणी ही एक सीमा. आमच्या घरी चकलीचे पीठ मळताना आई एक लहानशी वळी करून वाकवून पाही आणि "अजून चमचाभर पाणी घेईल" असे म्हणे. अ‍ॅटरबर्गाला ती कधी भेटली नव्हती. दुसरी सीमा याच्या पलीकडची, माती पातळ होऊन वाहू लागते ती. या दोन सीमांमध्ये जेवढे अंतर जास्त, तेवढी माती चिकण, आणि तेवढी ती रस्त्याला घातक. मोठ्या रस्त्याच्या खालच्या थराला हे अंतर सहाच्या आतच लागते.

पाण्याचा आणखी एक चमत्कार आहे. कोरडा मुरूम कितीही ठोका, तो नीट बसत नाही. भिजवून चिखल केला तरी बसत नाही. मध्ये कुठे तरी एक नेमका ओलावा असतो, तेव्हा तो सर्वांत घट्ट बसतो. लॉस एंजलीसला धरणांची माती बसवता बसवता प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ साली हे मोजून दाखवले. रव्याच्या लाडवात तूप कमी पडले तर लाडू वळत नाही आणि जास्त झाले तर तो परातीत बसकण मारतो, हे ज्ञान आपल्या आज्यांना होते. त्यांनी आलेख काढले नाहीत, एवढाच फरक.

मौज अशी, की या साऱ्या शास्त्रात आपली मराठी माणसेही अधूनमधून भेटतात. देशातल्या रस्त्यांचा विचार करायला १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस निघाली, आणि आमच्या टेबलावर असलेली निम्मी पुस्तके तिची होती.

आता त्या चार दिवसांची गोष्ट. १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्यात पोर्टर नावाच्या गृहस्थाने एक चाचणी बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ती विमानतळांसाठी उचलली आणि मग ती जगभर झाली. जाड लोखंडी भांड्यात मुरूम ठोकून बसवायचा, वरच्या थरांचे ओझे म्हणून त्यावर लोखंडी चकत्या ठेवायच्या, आणि ते भांडे ९६ तास पाण्यात बुडवून ठेवायचे. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर अशा संथ गतीने त्यात घुसवायचा. चांगल्या फोडीव खडीत तो अडीच मिलिमीटर जायला १३७० किलो जोर लागतो. ते शंभर धरायचे. आपल्या मालाला त्याच्या शेकडा किती लागतो, तो त्याचा आकडा. म्हणजे आंबेगावच्या मुरमाची परीक्षा कॅलिफोर्नियाच्या खडीशी! मोठ्या रस्त्याला हा आकडा किमान तीस लागतो. गावरस्त्याला वीस असला तरी चालवून घेतात.

२००४ च्या एप्रिलमध्ये आंबेगावच्या पश्चिम टोकाच्या एका वाडीच्या रस्त्याचा मुरूम आमच्याकडे आला. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाच्याही वर, भीमाशंकरच्या डोंगरांच्या कुशीत ही वाडी. मुरूम पिवळसर तांबूस, कामाच्या जागेलगतच्याच टेकाडातला. कोरडा ठोकून पाहिला तर आकडा ३८. चार दिवस पाण्यात ठेवला तर ९. भुकटीच्या दोन सीमांमधले अंतर १४.

अहवाल टपालाने पाठवला असता तर माझे काम संपले असते. पण उपअभियंत्यांनी बोलावले म्हणून मी वर गेलो. कंत्राटदार नाराज असणार हे ठाऊकच होते. त्याचे काही वाटले नाही. वाटले ते वाडीच्या लोकांचे. पंधरा-वीस माणसे जमली होती आणि मुरूम पास करा म्हणून तीच विनवीत होती. त्यांच्यात एक पंचविशीचा तरुण होता. आदल्या श्रावणात त्याच्या बायकोला झोळीत घालून घोडेगावच्या दवाखान्याकडे नेताना ती वाटेतच, पावसात, बाळंत झाली होती. दोघे वाचली होती. तो म्हणाला, "साहेब, तुमचा रस्ता दोन सालांनी खचंल ना? खचू द्या. पन ह्या पावसाळ्यात गाडी वर येऊ द्या."

याला उत्तर काय द्यावे? पुस्तकात ते नसते. वाईट रस्ता हा रस्ता नसण्यापेक्षा बरा, हे त्याचे म्हणणे मूर्खपणाचे मुळीच नव्हते. पण तो मुरूम दोन वर्षेही टिकणार नव्हता. त्या डोंगरात मृगाचा पाऊस लागला की तो उघडीप घ्यायचेच नाव काढीत नाही; आमच्या भांड्यातले चार दिवस तिथे चार महिने असतात. पहिली जीप आषाढातच आसापर्यंत रुतली असती, आणि ज्या कामाचे पैसे एकदा उचलले गेले त्याला पुन्हा पैसे मिळायला किती वर्षे जातात ते मला ठाऊक होते. हे सारे मी सांगितले. सांगून कुणाला पटते? शेवटी एक घमेले मागवले, त्यात पाणी ओतले, आणि ओल्या मुरमाचा लाडवाएवढा गोळा वळून, उन्हात टणक करून त्यात सोडला. बोलणे चालूच राहिले. पाव तासाने पाहिले तर गोळ्याचा नुसता ढिगारा झाला होता आणि पाणी पिवळे.

अर्धवट झालेल्या रस्त्यावर एक म्हातारी हिरडा वाळत घालीत बसली होती. ती उठून आली, घमेल्यात बोट घालून तिने तो गाळ चोळला आणि म्हणाली, "ह्यो तर आमी भुई थापाया नेतो. चिकाट हाय त्यो." मग जरा थांबून, "वढ्याच्या पल्याडचा घ्या की. तिथं कुदळ बी चालंना, म्हून कोनी जात न्हाई."

आजींचे ते 'पल्याड' सात किलोमीटरवर निघाले. त्या मुरमात खडे भरपूर, भुकटी थोडी आणि करकरीत. चार दिवस पाण्यात ठेवून आकडा आला २७. मला विलक्षण आनंद झाला, आणि त्याबरोबरच थोडी शरमही वाटली. इतकी यंत्रे घेऊन आम्ही बसलो होतो आणि कुदळ कुठे चालत नाही हे एकाही माणसाला विचारले नव्हते. आमच्या पद्धतीत तो रकानाच नाही.

रकान्यांवरून आठवले. नळाजवळही न जाता तयार झालेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. कुठले, ते सांगण्यात अर्थ नाही. ते ओळखायची खूण अशी, की त्यांतले आकडे फार गुणी असतात. तीन भांड्यांचे तीन निकाल ३१, ३२, ३१. खरा मुरूम असा वागत नाही. तो एका भांड्यात २४ देतो, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २७, आणि तुम्हाला रात्री झोपू देत नाही. ओबडधोबड आकड्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे.

सात किलोमीटरची वाहतूक म्हणजे खर्च वाढला, कागद फिरले, आणि मृग लागला तेव्हा रस्ता निम्माच झाला होता. त्या पावसाळ्यात गाडी ओढ्यापर्यंत येई. वरचे अडीच किलोमीटर पूर्वीसारखेच राहिले. भाद्रपदात एक झोळी उतरली असे मुकादमाने सांगितले. ती गाडीपाशी वेळेत पोचली.

दहा वर्षांनी, ३० जुलै २०१४ ला, याच तालुक्यात माळीणचा डोंगर अतिवृष्टीने घसरला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याच्याखाली गेली. ते रस्त्याचे प्रकरण नव्हते आणि त्याची कारणे निराळी, मोठी आहेत. पण ती बातमी वाचताना मला घमेल्यातला तो गोळा आठवला आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

वाडीचा उरलेला रस्ता दुसऱ्या उन्हाळ्यात झाला. थराची दबाई तपासायला मी गेलो होतो. ही तपासणी साधी असते: बसलेल्या थरात वीतभर रुंदीचा गोल खड्डा खणायचा, निघालेला माल तोलायचा, आणि वजन ठाऊक असलेली कोरडी वाळू खड्ड्यात सोडून त्याचा आकार काढायचा. आजी या वेळी दिसल्या नाहीत. भातलावणीच्या राबासाठी कवळ गोळा करायला सारी वाडी रानात गेली होती. एक सात-आठ वर्षांचा मुलगा तेवढा माझ्या पाठीशी उभा होता. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला, तिसरा खणायला मी वाकलो तसा तो न राहवून म्हणाला, "ओ काका, एवढा चांगला रस्ता झालाय, त्याला भोकं कशाला पाडता?"

मी त्याला वाळूचा डबा धरायला सांगितला. त्याने तो दोन्ही हातांनी, अजिबात न हलवता धरला. नंतर आम्ही दोघांनी मिळून तिन्ही खड्डे तोच मुरूम घालून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून बुजवले. शेवटचा त्यानेच ठोकला, आणि बसला की नाही ते पाहायला तो त्यावर दोन्ही पायांनी उड्या मारीत राहिला.